तिच्या वतीनं केलेली सही

सप्टेंबर अर्धा सरला की आमच्या बेसिंगस्टोकच्या घरामागच्या पायवाटेवर ब्लॅकबेरी पिकून काळ्या पडतात, आणि मला घरात बसवत नाही. बाहेरही फारसं करमत नाही म्हणा. स्टीलचा डबा घेऊन निघते, मूठभर फळं तोडते, बोटं जांभळी होतात, मनगटावर काट्यांचे ओरखडे उठतात, आणि मग जॅमबिम काही न करता डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवून देते. चार दिवसांनी बुरशी धरली की टाकून देते. शेजारची बाई एकदा म्हणाली, इतक्या चांगल्या बेरीज वाया घालवतेस. म्हटलं, घालवते खरी.

याच दिवसांत पहिल्यांदा हीटिंग लावावं लागतं. उन्हाळाभर गप्प पडलेले रेडिएटर तापले की त्यांच्यावरच्या धुळीचा करपट वास घरभर पसरतो. आणि याच दिवसांत आपला पितृपंधरवडा येतो. इथल्या मराठी मंडळाचा ईमेल येतो की सर्वपित्रीला सामूहिक तर्पण आहे, कम्युनिटी हॉल बुक केलाय, पार्किंग मागच्या बाजूला, आपापलं ताम्हन आणि तीळ आणावेत. मी जात नाही. पूर्वी हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. आता विद्या, म्हणजे आमच्या मंडळाची सेक्रेटरी, मला फोन करायचीही थांबली आहे. तिचं काही चुकत नाही.

एक शरद ऋतू माझ्या मागे लागलाय. नव्या शतकाची पहिलीच काही वर्षं होती, मी हॉस्पिटलातून नुकती रिटायर झाले होते आणि माझा नवरा माधव जाऊन सहा महिने झाले होते. त्यानंतर किती ऑक्टोबर आले नि गेले, त्यांतला एकही मला धड आठवत नाही. तो एकच राहिलाय.

आधीच सांगून टाकते, या देशाबद्दल कुणी वाईटसाईट बोललं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे चहाबरोबर इंग्रजांना शिव्या घालायची एक पद्धत आहे. आमचं सोनं नेलं, हिरे नेले, दीडशे वर्षं लुटलं. आणि हे बोलणारा त्यांच्याच दवाखान्यात फुकट गुडघा बदलून घेऊन, वर नर्सनं चहा गार दिला म्हणून कुरकुरत असतो. मी अशांना तोंडावर सांगते, की मग परत जा की बाबा, विमानं रोज उडतात.

मी आले तेव्हा नोव्हेंबर होता, अंगावर नायलॉनची साडी आणि पायात चपला. उत्तरेकडच्या एका लहानशा हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर म्हणून लागले होते. क्वार्टर्सपासून वॉर्डापर्यंत चालत जाईस्तोवर ओठ निळे पडायचे. तिसऱ्या दिवशी वॉर्डच्या सिस्टरनं तिचा जुना लोकरी कोट आणून माझ्या खांद्यांवर टाकला. महिन्याभरानं माझा कोट घेतला तेव्हा तिचा परत करायला गेले, तर म्हणाली, ठेव, तुला राहायचंय ना इथे. एवढंच बोलली आणि औषधांची ट्रॉली ढकलत निघून गेली. तेव्हापासून मी इथलीच आहे.

आणि माधवचे शेवटचे दिवस. त्याला ऐकू येत नव्हतं, कळत नव्हतं, तरी ती पोरगेली नर्स कोमट पाण्यानं त्याचे केस धुताना प्रत्येक गोष्ट त्याला सांगून करत होती. आता मान उचलते हं, आता पाणी घालते, डोळ्यांत नाही जाणार. मी डॉक्टर म्हणून आयुष्य घालवलं, पण मला कधी सुचलं नव्हतं असं. क्रेमेटोरियममध्ये आमची वेळ संपली, बाहेर दुसऱ्यांच्या गाड्या येऊन थांबल्या, आणि माझी मुलगी मीनल पेटी आत सरकवायचं बटण काही केल्या दाबेना. काळा कोट घातलेला तिथला माणूस बाहेर गेला, त्या लोकांशी काहीतरी बोलला, आत येऊन म्हणाला, घाई नाही, तुमचं होऊ द्या. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं होतं, माणसाला निरोप द्यावा तर असा. पुढे जे झालं ते मला समजावून घ्यायचं असेल तर इथूनच सुरू करावं लागतं.

विद्याचा फोन सप्टेंबरातच आला.

"सुलभाताई, तुम्ही अमरावती साइडच्या ना?"

"परतवाड्याची मी."

"मग मेळघाट तिथेच येतं ना? अहो, लंडनच्या एका मेडिकल कॉलेजचं लेटर आलंय. त्यांना कम्युनिटीचं कुणीतरी पाहिजे. जुन्या रिमेन्सचं काहीतरी आहे. तुम्ही डॉक्टर, त्यात तिकडच्या. परफेक्ट आहात तुम्ही."

त्या सुमारास इथल्या कॉलेजांना आणि म्युझियमांना आपापल्या तळघरांतल्या पेट्या उघडून पाहाव्या लागत होत्या. शंभर, दीडशे वर्षांपूर्वी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसांच्या कवट्या, हाडं गोळा करून आणली होती. मोजायला, तुलना करायला, कपाटात लावून ठेवायला. आता ज्यांची त्यांना परत द्यायची असं ठरत होतं. मला त्याचंही कौतुक वाटलं. चूक झाली म्हणणारे किती असतात जगात?

ट्रेननं लंडनला गेले. तळघराच्या जिन्यात लाकडाच्या पॉलिशचा, फॉर्मलिनचा आणि ओल्या कोटांचा वास होता. हेलन नावाची एक तिशीतली मुलगी त्या संग्रहाचं काम बघायची. तिनं टेबलावर आधी मऊ कापड अंथरलं आणि मग पेटी उघडली. आत कवटी होती, जबड्यासकट, आणि दोन हाडं. कपाळावर काळ्या शाईत नंबर. पेटीच्या झाकणावर चिठ्ठी: कोरकू, स्त्री, गाविलगडचे डोंगर, बेरार. खाली ती पाठवणाऱ्या लष्करी डॉक्टरची सही. मी ते मोठ्यानं वाचलं आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. लंडनच्या पोटात माझ्या गावाजवळचा डोंगर सापडला होता.

हातात घेतल्यावर सवयीनं दात बघितले. अक्कलदाढ नुकती वर आलेली, बाकीचे भरड खाऊन झिजलेले. पंचविशीची असावी. आपल्या मीनलपेक्षा लहान, असं मनात आलं.

मला माझी स्वतःची हाडांची पेटी आठवली. नागपूरला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला सीनियरकडून बोनसेट घ्यायचा असे. हॉस्टेलमध्ये तो कॉटखाली राहायचा. सुटीत घरी आणला तर आईनं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, व्हरांड्यात पत्र्याखाली ठेवायला लावला. दुपारी मी मांडी घालून मांडीचं हाड हातात घेऊन पाठांतर करत बसले होते, तर ती लांबूनच म्हणाली, "कोणाची आहेत गं ही?" मी म्हटलं, "कोणाची नाहीत, आई. अभ्यासाची आहेत." संध्याकाळी आईनं दिवा लावला तेव्हा एक निरांजन तिनं व्हरांड्यातही नेऊन ठेवलं, आणि मी तिला हसले होते.

त्याच दिवशी कॉलेजात ऑस्ट्रेलियातून चार माणसं आली होती, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. त्यांच्या पूर्वजांची हाडं ताब्यात घ्यायला. त्यांना आत पानांचा धूर करायचा होता, म्हणून हेलननं कितीतरी परवानग्या काढून त्या मजल्याचा फायर अलार्म तासभर बंद करवला होता. निलगिरीच्या धुराचा वास जिन्यापर्यंत आला. दार अर्धं उघडं होतं. त्यांच्यातली एक म्हातारी पेटीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसली होती आणि तिच्या भाषेत बोलत होती. रडत नव्हती. बराच वेळ परगावी राहून आलेल्या माणसाला घरच्या बातम्या सांगाव्यात, तशी सांगत होती. मी जिन्यात उभी राहून डोळे पुसले.

नंतर टी-रूममध्ये ती माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, तू कुणासाठी आलीस? मी म्हटलं, माझ्या भागातली एक बाई आहे. ती म्हणाली, तुझ्या लोकांपैकी? मी हो म्हटलं.

एका अक्षराचा शब्द. मला थांबून विचार करायलाही वेळ लागला नाही. म्हातारीनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला, तळवे कोरडे आणि ऊबदार होते, आणि म्हणाली, मग तिला घरी ने.

हेलनही तेच म्हणाली होती. परत पाठवायचं असेल तर कॉलेज सगळं करेल, वेळ लागेल, दोन्हीकडची सरकारं, कागदपत्रं, एखादं वर्ष जाईल, पण करू. "की इथेच काही करायचं? तुमच्यात काय करतात?" मी सांगितलं, आमच्यात दहन करतात. आणि वर्षभर कशाला तिला पेटीत ठेवायचं? आधीच इतकी वर्षं पडून आहे बिचारी. मी सगळं व्यवस्थित करते.

माझं मन चांगलं होतं. मन चांगलं असलं की माणूस विचारायचं विसरतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

नाही, सांगितलं होतं. मीनलनं सांगितलं होतं. ती स्लाऊला कौन्सिलमध्ये नोकरी करते, हाउसिंगचं काम बघते, जन्म इथलाच. तिचं मराठी ऐकून माझ्या बहिणी हसतात. त्या रविवारी ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, पण तू कोरकू आहे का?"

"मी त्याच जिल्ह्यातली आहे."

"बट दॅट्स लाइक, जिल्हा फक्त. तिचा फॅमिली असेल ना तिथे? तू कोणाला विचारला का?"

"कुणाला विचारू? जंगलात जाऊन? त्यांना काय कळणारे यातलं?"

मीनलनं सुरी खाली ठेवली. "इथे मला असा बोलला असता कोणी, तर तू कंप्लेंट केला असता," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, फार शहाणी झालीयस, कांदा बारीक चीर. विषय तिथेच संपला. फॉर्मवर एक रकाना होता, मृत व्यक्तीशी नातं. तिथे मी लिहिलं, समाजाची प्रतिनिधी, आणि खाली सही केली. डॉक्टरची सही, कुणालाही न वाचता येणारी.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी झालं सगळं. माधवला नेलं त्याच क्रेमेटोरियममध्ये. काळ्या कोटवाल्या माणसानं मला ओळखलं, हात मिळवला, आणि या वेळी आमच्यानंतरची वेळ आपण होऊन मोकळी ठेवली होती. बाहेर पिवळ्या पानांचा चिखल झाला होता. मंडळातले सहाजण होते. वेताच्या पेटीत मी माझ्या हिरव्या साडीचा पदर अंथरला. ती सवाष्ण होती की विधवा, की लग्नच झालं नव्हतं, कुणास ठाऊक. मी सवाष्ण धरलं आणि तिची ओटी भरली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी. हे सगळं करताना मला इतकं भरून आलं होतं, की माझ्याच हातांचं मला कौतुक वाटत होतं.

मंत्र म्हणायला केदार आला होता. तो स्लाऊला एका आयटी कंपनीत आहे, शनिवार-रविवारी पूजा सांगतो, त्या दिवशी हाफ डे टाकून आला होता. लॅपटॉपच्या बॅगेतून त्यानं दर्भ आणि काळे तीळ काढले.

"काकू, गोत्र काय धरायचं?"

"माहीत नाही रे."

"मग काश्यप म्हणतो. माहीत नसलं की काश्यप चालतं. आणि नाव?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वनमाला."

वनमाला. काय सुचलं बघा. कुठल्या जन्मात एखाद्या कोरकू बाईचं नाव वनमाला होतं? रानातली म्हणून वनमाला. आमच्यासारख्यांना रान लांबून दिसतं तेव्हा अशी नावं सुचतात. केदारनं ते नाव काश्यप गोत्राला जोडून तीनदा उच्चारलं, प्रेत शब्दासकट, आणि मी बटण दाबलं.

रक्षा विंडसरला थेम्समध्ये सोडली. राजहंस खायला काही मिळेल म्हणून जवळ आले, विद्यानं त्यांना हातानं हुसकलं. घरी येऊन वरण-भात केला आणि झोपले. माधव गेल्यानंतर पहिल्यांदाच सलग झोप लागली. पुढे कॉलेजचं पत्र आलं, जाड क्रीम कागदावर, तुमच्या औदार्यामुळे तिला सन्मानानं विश्रांती मिळाली. मंडळाच्या अंकात अर्धं पान आणि माझा फोटो आला. मी तो अंक जपून ठेवला आणि जानेवारीत भारतात निघाले तेव्हा बॅगेत टाकला.

परतवाड्याला उतरलं की आधी सागवानाचा वास येतो. करवतीखाली चिरल्या जाणाऱ्या ओल्या सागाचा, किंचित तुरट, नाकात बसणारा. आमची वखार होती. माझे वडील लाकडाचे ठेकेदार. मेळघाटातून ट्रक उतरायचे, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर खडूनं गावाचं नाव लिहिलेलं असायचं. मी अक्षरं त्या ओंडक्यांवर गिरवली, पाटीवर नंतर. लाकूड तोडणारी, चढवणारी, उतरवणारी माणसं कोरकू. आम्ही त्यांना गडी म्हणायचो, बायकांना बाया. आई त्यांना वरून पाणी घालायची आणि ती ओंजळीनं प्यायची. आमच्या घरात कुणी त्यांच्याशी वाईट वागत नव्हतं, हे मी मीनलला शंभरदा सांगितलंय. आणि सांगताना दर वेळी वाटतं, की त्यांतल्या एकाचंही आडनाव मला सांगता येत नाही.

इंग्रजांनी त्यांच्या जंगलाला कुंपण घातलं आणि आमच्यासारख्यांनी कुंपणाच्या दारात वखार टाकली. मी त्या वखारीवर शिकले, डॉक्टर झाले, आणि ज्यांनी कुंपण घातलं त्यांच्या देशात येऊन सुखी झाले. माझं सुख खोटं नाही. कोटही खरा होता, नर्सही खरी होती. पण दोन्ही टोकांना मीच उभी होते, आणि मधल्या माणसांना मी कधी पाहिलंच नव्हतं.

भाच्याला म्हटलं, मला डोंगरात ने. आश्रमशाळेतल्या फुलवंती नावाच्या शिक्षिका त्याच्या ओळखीच्या होत्या, स्वतः कोरकू. मला वाटलं होतं, आपण सांगू, त्यांना बरं वाटेल. खरं सांगू का, मला त्यांचे आभार हवे होते.

दीड तासात पोचलो. दीड तास. गावाच्या कडेला एका मोठ्या झाडाखाली लाकडी खांब रोवलेले होते, कमरेएवढे, काही नवे, काही वाळवी लागून कलंडलेले. प्रत्येकावर सूर्य आणि चंद्र कोरलेले, घोड्यावर बसलेली माणसं कोरलेली. मी विचारलं, हे काय आहे?

"गेलेली माणसं आहेत जी," फुलवंतीबाई म्हणाल्या. "आमच्यात माणूस गेलं की गाडतात. मग सवडीनं मोठा विधी होतो, सगळं गाव जेवतं, आणि त्याच्या नावानं इथे खांब बसवतात. तेव्हा ते आपल्या लोकांत येऊन बसतं. तोवर हिंडत राहते."

माझा हात बॅगेत होता. अंक बाहेर काढलाच होता अर्धा. तो परत आत सारावा असं मला वाटलं, पण त्यांनी पाहिला होता. वाचायला मागितला. झाडाखाली तीन-चार म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. फुलवंतीबाईंनी सगळं वाचलं, सावकाश, शाळेत मुलांची वही वाचावी तसं, बोट ठेवून.

"जाळलं काय?"

"हो."

"सगळं?"

"हो."

"काहीच नाही राहिलं? एखादा दात?"

"नाही."

त्यांनी अंक मिटला. "गाडलेली होती ती," त्या म्हणाल्या. "म्हणजे साहेबानं उकरून नेली. आणि तुम्ही जाळली." त्यांचा आवाज चढला नाही. धडा समजावून सांगावा इतका शांत होता. "थोडी थांबली असती, तर आम्ही आलो असतो. पैसे नसते आमच्यापाशी, पण आलो असतो. कोणी विचारलंच नाही."

मी म्हटलं, माझं चुकलं. मराठीत किती तोकडं वाटतं ते. चहात साखर जास्त पडली तरी आपण तेच म्हणतो.

त्यांनी म्हाताऱ्यांना कोरकूत सांगितलं. मला एक शब्द कळत नव्हता, पण कुठे काय सांगताहेत ते कळत होतं. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी, सगळ्यांत म्हातारी, कपाळावर गोंदलेली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. फुलवंतीबाईंनी ते मराठीत सांगितलं नाही. मी म्हटलं, सांगा, काय असेल ते सांगा.

"ती विचारते, तुम्हाला आमचं गाव माहीत नव्हतं का?"

त्या गावाचं नाव मी पाच वर्षांची असताना ओंडक्यावर गिरवलं होतं. आमच्या घराच्या दारंखिडक्या त्या गावच्या सागाच्या आहेत. मी म्हटलं, "माहीत होतं." फुलवंतीबाईंनी तेही सांगितलं.

म्हातारीनं मान हलवली, रागानं नाही. थोड्या वेळानं पुन्हा काही विचारलं, आणि या वेळी फुलवंतीबाईंनी आपण होऊन सांगितलं. "ती म्हणते, तिकडे ती एकटीच होती का?"

मला माहीत नव्हतं. कवटीचे दात मोजले, फॉर्म भरला, ओटी भरली, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. इतकी वर्षं परक्या थंडीत, अंधारात ती पडून होती, तेव्हा तिच्याजवळ कुणी होतं का. म्हातारी वाट बघत होती. मी म्हटलं, विचारून सांगते.

बेसिंगस्टोकला परत आले तेव्हा फेब्रुवारी होता. बॅगा तशाच जिन्याशी ठेवून हेलनला फोन लावला. आधी सगळं सांगितलं, की मी तिची कुणी नव्हते, मी चुकीचं केलं, तिच्या माणसांत जाळत नाहीत. हेलन ऐकत राहिली आणि मग म्हणाली, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका, तुम्ही फार प्रेमानं केलंत सगळं. ती मनापासून बोलत होती. या देशाच्या मायेनं मी आयुष्यभर तगले, पण त्या दिवशी मला ती नको होती. कुणीतरी फोन आपटायला हवा होता.

मग मी म्हातारीचा प्रश्न विचारला. हेलन म्हणाली, बघून सांगते. दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज वेगळा होता. जुन्या रजिस्टरमध्ये त्याच लष्करी डॉक्टरनं एकाच दिवशी पाठवलेल्या दोन नोंदी होत्या. एक ही. खालच्या ओळीत, त्याच डोंगरातलं, त्याच थडग्यातलं, एक वर्षाच्या आतलं मूल. ते पुढे दुसऱ्या कुठल्याशा संग्रहाला दिलं गेलं. कुठे, ते लिहिलेलं नव्हतं.

मी खुर्चीत बसून राहिले. बागेत फ्रॉस्ट पडलं होतं. त्या मुलाच्या आईला मी थेम्समध्ये सोडून आले होते, आणि तिचं तान्हं या देशात कुठल्या तरी कपाटात होतं, नंबर घालून. माझी छाती फुटेल असं वाटलं, आणि त्या वाटण्याचाही मला राग आला, कारण त्याचा कुणाला काय उपयोग होता?

पण सांगणं भाग होतं. रविवारी आश्रमशाळेत फोन केला. लाइन खरखरत होती, मागे मुलं जेवणाच्या रांगेत ओरडत होती. मी फुलवंतीबाईंना सगळं सांगितलं. मूल होतं हेही सांगितलं.

"मी शोधते," मी म्हटलं. "सगळीकडे पत्रं लिहिते. रिटायर आहे मी, वेळच वेळ आहे. सापडेल, नक्की सापडेल."

"शोधा," त्या म्हणाल्या. "सापडलं तर आम्हाला सांगा. सही मात्र तुम्ही करू नका."

मी बरं म्हटलं.